गादीवाफा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त वैशाखातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलल्याप्रमाणेच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला सांगितलं होतं की 'बागकाम' या विषयावर अर्धा तास बोला. बागकाम हा फार मोठा शब्द झाला. मला येतं ते एवढंच, की ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ९ इंच उंच अशा वाफ्यात मेथी, पालक, कोथिंबीर कशी येते, आणि कशी येत नाही. त्यातलं 'कशी येत नाही' हे मला जास्त चांगलं येतं, कारण ते मी आपल्याच सोसायटीत दोन ठिकाणी करून बघितलंय. त्यातलं पहिलं ठिकाण तुमच्या आमच्या डोक्यावर आहे. जुन्या लोकांना ती हकिगत पाठ आहे, नवीन राहायला आलेल्यांना माहीत नसेल. ४०२ मधल्या वहिनी समोरच बसल्यात. त्यांना विचारून आलेय. त्या म्हणाल्या, "सांगा की, पण सगळं सांगा."

तर आधी शब्दापासून सुरुवात करते. हल्ली दुकानात, मोबाइलवर सगळीकडे 'रेझ्ड बेड' म्हणतात. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. आमच्याकडे कांद्याचं रोप टाकायचं म्हटलं की वडील गादीवाफा करायचे. सपाट वाफ्यात पाणी साचतं, बारीक रोपाची मान कुजते आणि सकाळी बघावं तर सगळं आडवं. म्हणून माती उचलून गादीसारखी उंच करायची, मधे चालायला वाट ठेवायची, आणि वाफ्यावर कधीही पाय द्यायचा नाही. आम्ही भावंडं त्याच्यावरून उडी मारून जायचो आणि ओरडा खायचो. तोच हा वाफा. शहरात फक्त त्याच्या कडेला विटा आल्या.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले. त्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर भाजीपाला, फळझाडं लावल्याचं वाचलं होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' मुलाने आणून दिलं होतं. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, आणि 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या रानात प्रयोग करायला लावले. ते पुस्तक वाचून माणूस नोंदी करायला लागतो, हिशोब मांडायला लागतो. मी नोंदवही तर लगेच आणली. हिशोब मात्र एकच करायचा राहिला, वजनाचा.

गच्चीवर दोन वाफे केले. कमिटीला अर्ज दिला नव्हता. तेव्हाचे सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हटलं, "गच्चीवर थोडी मेथी लावतेय हं." ते म्हणाले, "वा वा." हीच माझी परवानगी. नर्सरीतून लाल मातीची पोती आणली, चार मजले चढवली, ब्रिकबॅट कोब्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि विटांच्या आत सरळ माती भरली. मेथी काय आली म्हणून सांगू! खालून लोक बघायला यायचे. जुड्या बांधून सगळ्या विंगमध्ये वाटल्या. ४०२ मध्येही दिल्या.

पुढच्या पावसाळ्यात, भाद्रपदात, गौरी यायच्या आदल्या रात्री धो धो पाऊस झाला. वाफ्यातली माती धुपून पाण्याबरोबर गच्चीच्या उताराने गेली आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी बसली. तिथे टोमॅटोची वाळकी पानं होतीच. तोंड बुजलं. रात्रभरात गच्चीचं तळं झालं. पाणी कठड्याच्या सांध्यापर्यंत चढलं, तिथून आत शिरलं आणि बरोबर खालच्या खोलीत उतरलं. वहिनींनी त्या भिंतीला मखर लावलं होतं. सकाळी मखराची मागची बाजू ओली, भिंतीवर वरपासून खालपर्यंत तपकिरी डाग, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्यांचे लग्नाचे अल्बम होते, ते भिजले. कृष्णधवल फोटो होते. एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवताना काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मी वर धावले, हाताने गाळ काढला, पाणी गेलं. पण गेलेलं गेलं. त्यानंतर दोन वर्षं वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाला बोलावलं तर यायच्या नाहीत, जिन्यात भेटलो तर भिंतीकडे बघून जायच्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी डागडुजीचे पैसे दिले, रंगाचे दिले, पण माफी मागताना दर वेळी "पाऊसच इतका झाला हो" हे शेपूट जोडत होते. पाऊस दर वर्षीच होतो. आज चारचौघांत शेपूट न लावता सांगते, चूक माझी होती.

सभा झाली. गच्ची सगळ्यांची आहे, एकीच्या हौसेसाठी नाही, असं तिथे स्पष्ट बोललं गेलं आणि ते बरोबरच होतं. एका स्ट्रक्चरल इंजिनियरना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत गणित करून दाखवलं. माणसं ज्या गच्चीवर जातात-येतात, तिच्यासाठी आपल्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. म्हणजे ९ इंच ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला ३५० ते ४०० किलो. माझे दोन वाफे मिळून दीड टनाच्या वर! मी पोस्टात तीस वर्षं पार्सलं वजन करून घेतली, आणि इथे काटा विसरले.

म्हणून ज्यांना गच्चीवर किंवा बाल्कनीत काही करायचंय त्यांनी आधी इंजिनियरला विचारा, मग कमिटीला लेखी विचारा, आणि मग नर्सरीत जा. हा क्रम उलटा करू नका. परवानगी मिळाली तरी नुसती माती नको. कोकोपीट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, तेही पाच-सहा इंच, आणि सगळं जमिनीपासून उचललेल्या स्टँडवर, म्हणजे खालून पाणी वाहतं राहतं आणि गळती कुठे आहे ते दिसतं. पाइपच्या तोंडावर जाळी. पावसाळ्यात ती दर आठवड्याला हाताने साफ करायची. "पाऊस उघडला की करू" असं म्हणायचं नाही.

तर वाफे खाली आले. सी विंगमधल्या शाळकरी मुलांनी चार मजले माती उतरवली, प्रत्येक खेपेला एक लिमलेटची गोळी या दराने. खाली आता प्रश्न असा, की आपल्या आवारात खणायला जमीनच नाही. कुदळ मारली तर चार इंचांवर राडारोडा लागतो. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीचे कपचे. बिल्डरने पंचवीस वर्षांपूर्वी जे उरलं ते तिथेच पसरून वर मुरूम टाकला. अशा जमिनीत भाजी काय, धड गवत येत नाही. म्हणून आपल्याकडे गादीवाफ्याला पर्याय नाही. खालच्या जमिनीशी भांडत बसायचं नाही, तिच्यावर नवीन जमीन ठेवायची.

आता जागेची गोष्ट. ही दुसरी चूक, आणि ही मात्र कुणाच्या घरात गळली नाही. मे महिन्यात मी सकाळ-दुपार-संध्याकाळ फिरून ऊन कुठे पडतं ते बघितलं. इमारतीच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, छान ऊन होतं. तिथे वाफा केला. पावसाळ्यात माठ, चवळी, भेंडी उत्तम. आणि मेथी-कोथिंबिरीचा खरा हंगाम आला, थंडी पडली, तसं ऊन नाहीसं झालं. मार्गशीर्षात तर दिवसभरात एक कवडसा नाही. रोपं लांबडी, पांढरट, उजेड शोधत वाकडी.

नातवाने कागदावर काढून दाखवलं तेव्हा समजलं. पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्यानंतर तो आणखी थोडा उत्तरेला जातो, म्हणून मागच्या बाजूला ऊन. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. आपली इमारत पार्किंग धरून पन्नास फुटांच्या आसपास. तिची सावली दुपारी बारा-साडेबाराला उत्तरेकडे पंचेचाळीस फूट पडते. मागची मोकळी जागा पंधरा फुटांची. मग ऊन कुठून येणार? तेव्हा वाफ्याची जागा ठरवायची तर थंडीत ठरवा. डिसेंबरात जिथे चार-पाच तास ऊन आहे, तिथे वर्षभर काही ना काही येतं. पालेभाजीला तीन-चार तास पुरतात. मिरची, टोमॅटो, वांगी यांना सहा हवेत, त्याला इलाज नाही.

म्हणून तिसरी जागा, आग्नेयेचा कोपरा. तिथे आधी तीन बिनचाकी स्कूटर आणि कुणाचा तरी जुना कूलर होता. मालक शोधायलाच चार महिने गेले. या वेळी मी कमिटीला लेखी अर्ज दिला, नकाशा जोडला आणि पोच घेतली. अग्निशमन दलाच्या गाडीचा रस्ता पूर्ण मोकळा ठेवला. आज तिथे पाच वाफे आहेत.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडं सामानाचं. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. भिंतीला लागून असेल तर दोनच फूट. विटा कोरड्या रचायच्या, सिमेंट लावायचं नाही. ८ बाय ३ च्या वाफ्याला तीन थर म्हणजे साधारण ९० विटा. आत १८ घनफूट भरायचं असतं आणि ते पोत्यांच्या हिशोबात आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट निघतं. म्हणून तळाला वाळका पाला आणि उसाचं चिपाड घाला. कोपऱ्यावरचा रसवाला चिपाड फुकट देतो, उलट न्यायला आलात म्हणून आभार मानतो. पण कोरडं चिपाड कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि वरची पानं पिवळी पडतात. माझी पडली होती. दोन दिवस भिजवून, शेणकाला शिंपडून मग घाला. वर एक भाग पोयटा माती, एक भाग कंपोस्ट नाहीतर जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवली की साधारण ७० लिटर होते, त्यामुळे घमेल्यात भिजवायला जाऊ नका, ड्रम घ्या. पोत्यामागे दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत मात्र जुनंच हवं. ताज्यातून हुमणी येते आणि ती मुळं खाते, वरून काही दिसत नाही.

कंपोस्ट आपलं घरचंच आहे. ओला कचरा वेगळा द्यायचा हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय (बी विंगमधले एक-दोन अपवाद सोडून, नावं घेत नाही). पण कच्चा कचरा सरळ वाफ्यात पुरू नका. घुशी येतात. एकदा घूस आली की तिला वाफा आणि वाफ्याच्या खालचा राडारोडा दोन्ही आवडतात.

काय लावायचं? मृगापासून माठ, अंबाडी, चवळी, भेंडी, कुंपणाच्या तारेवर दोडका आणि घोसाळी. हस्ताचा पाऊस ओसरला की मेथी, पालक, शेपू, मुळा, चुका. कोथिंबीर तेव्हाच, उन्हाळ्यात तिच्या नादी लागू नका. धने अख्खे पेरायचे नाहीत, लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या. एका धन्यात दोन बिया असतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर "वायाच गेली" म्हणून उकरून बघू नका. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी ताटात. पालक उपटू नका, बाहेरची पानं कापत राहा, दोन-तीन महिने देतो. पुदिन्याच्या बाजारातल्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, पण तो वाफ्यात नको. सगळा वाफा ताब्यात घेतो. जुन्या बादलीत लावा. गवती चहाचंही तसंच, त्याला स्वतंत्र कोपरा द्या. पानओव्याची एक फांदी खोचली की झालं, भज्यांना आणि खोकल्याला दोन्हीकडे चालतो.

उंच वाफा पावसाळ्यात जितका चांगला, तितकाच उन्हाळ्यात लबाड. कडेने वारा लागतो, लवकर सुकतो. एप्रिल-मेमध्ये वरून हिरवी नेट, मातीवर वाळक्या पाल्याचं आच्छादन, आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी. टँकर यायला लागले की मी तीन वाफे सरळ रिकामे ठेवते, पाल्याने झाकून. पिण्याच्या पाण्यावर मेथी वाढवणं मला पटत नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सगळ्या घरांतून येतं, ते चालतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र रोज नुसतं घालू नका, त्यात क्षार जास्त असतात आणि ते मातीत साठत जातात. साध्या पाण्यात मिसळून, कधीतरी.

कबुतरांचं काय, हा प्रश्न येणारच. बी पेरल्यावर जुनी मच्छरदाणी अंथरा, रोप चार बोटं झालं की काढा. मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी पानांच्या खालच्या बाजूला. मांजरांसाठी बाभळीच्या काट्या. मुलांसाठी माझ्याकडे काही उपाय नाही. मुळा किती मोठा झाला ते बघायला त्यांनी तो रोज उपटला आणि रोज परत खोचला. त्यांचा मुळा शेवटी करंगळीएवढा झाला, पण समान वाटा करून खाल्ला.

पैशाचं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगते. वही माझ्याकडे आहे. पहिल्या दोन वर्षांत विटा, माती, कोकोपीट, नेट धरून जो खर्च झाला, त्यात मंडईतून याच्या कितीतरी पट भाजी आली असती. तिसऱ्या वर्षापासून खर्च बियांचाच उरला. पण पाच वाफ्यांवर छत्तीस घरांची भाजी होत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कोथिंबीर, पुदिना, मिरच्या, कढीपत्ता आणि आठवड्यातून एखादी पालेभाजी, तीसुद्धा पाळीपाळीने. कात्री तिथे दोरीला बांधून ठेवली आहे. हवं तेवढं कापा आणि वहीत लिहा. गेल्या वर्षी दोनदा रात्रीत अख्खा मेथीचा वाफा गेला. ज्यांनी नेला त्यांनी निवडून नीट शिजवली असेल अशी आशा आहे.

आणि एक विषय. त्या कोपऱ्यात दोन चारचाकी उभ्या राहू शकतात हे म्हणणं मला माहीत आहे. ते खोटं नाही. ज्यांना रात्री गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते त्यांचा त्रास मी रोज खिडकीतून बघते. वार्षिक सभेत हा विषय येईल तेव्हा मी वाफ्यांच्या बाजूने बोलेन, पण निर्णय सगळ्यांचा. विटा कोरड्या रचलेल्या आहेत. सभेने सांगितलं तर एका दिवसात निघतील. गच्चीच्या वेळी जे विचारलं नव्हतं, ते या वेळी विचारूनच होईल.

वहिनींचं सांगायचं राहिलं. त्या बोलायला कशा लागल्या? मी काही केलं नाही. खाली पाइपच्या सांडपाण्याजवळ वडीचं अळू आपोआप माजलं होतं. एका श्रावणात त्या खाली आल्या, पानं हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "देठ काळा आहे. खाजणार नाही." दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. मी सहा पानं कापून दिली. संध्याकाळी वड्या आल्या, झाकलेल्या ताटलीत. बागेत त्या अजूनही हात घालत नाहीत. पण दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मला घेऊन गच्चीवर जातात, पाइपच्या तोंडावरची जाळी स्वतः हलवून बघतात, आणि मग खाली येऊन भिंतीला हात लावतात. मी तिथे गप्प उभी राहते.

आता कामाचं. सहावा वाफा करायचा आहे, दोन फूट उंच आणि कडेला बसायला रुंद कट्टा असलेला, म्हणजे ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांना वाकावं लागणार नाही. कमिटीची लेखी परवानगी आली आहे. जागा चुन्याने आखून ठेवली आहे, विटा येऊन पडल्यात. मृगाच्या आधी तो भरायचा आहे. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता या, नऊनंतर ऊन सोसत नाही. माती चाळायला चाळणी आहे, फावडी दोन आहेत, घमेलं मात्र एकच आहे. कुणाकडे असेल तर येताना घेऊन या, खाली नाव लिहून.